'माझा' न म्हणण्याचा नेम

१ जानेवारी, पहाटे
देवापुढे बसून नवीन वर्षाचे संकल्प केले. दोनच. जास्त केले की मोडतात, हा गेल्या वर्षीचा अनुभव.
एक, राग सोडणे. तसा तो ऑक्टोबरातच सुटला आहे, पण लेखी असावं.
दोन, 'माझं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. सगळं त्याचं आहे, आपण वापरायला घेतलंय. गावच्या शाळेत गुरुजी पाटीलासुद्धा 'आपली पाटी' म्हणायला लावत. पन्नाशी जवळ आली, आता तरी अंगी बाणवू.
चहाच्या वेळी बायकोला विचारलं, आपला चष्मा कुठाय. ती म्हणाली, आपला म्हणजे कुणाचा, माझा तर नाकावर आहे. तिला सवय व्हायला वेळ लागेल.

२ जानेवारी
हॉस्पिटलच्या क्रीडास्पर्धेत यंदा व्हॉलीबॉल. प्रत्येक विभागाची टीम. आमच्या लॉन्ड्रीत पुरुष मोजून सहा आणि टीमला लागतात सहा. तरी निवड झाली हे खरं.
कॅप्टन साडू. सुपरवायझर आहे म्हणून.
साडूविषयी मन साफ आहे, त्यामुळे सगळं स्पष्ट लिहितो. तो बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सोळा वर्षांपूर्वी त्याला इथे मीच चिकटवला. तेव्हापासून आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून चादरींच्या घड्या घालत आलो. चार टोकं, दोन माणसं. ऑक्टोबरात सुपरवायझरची खुर्ची रिकामी झाली. मी बावीस वर्षं जुना. खुर्ची त्याला मिळाली, कारण त्याला कॉम्प्युटर येतो. मला काहीही वाटलं नाही. त्याच दुपारी पिळलेला ओला टॉवेल हातातून निसटून त्याच्या डोळ्यावर बसला. दोनदा. ओल्या टॉवेलचा भरवसा नसतो.
तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. त्याचा डोळा पंधरा दिवसांत उघडला, पण मन काही उघडलं नाही.

४ जानेवारी, संध्याकाळी
मेहुणीच्या मुलीचं लग्न बावीस फेब्रुवारीला. पत्रिका छापून आल्या. त्यांच्या दूधवाल्याला गेली, आम्हाला नाही. बायको म्हणाली, ती पोर दोन महिन्यांची असताना तिची आई दवाखान्यात होती, दीड महिना माझ्या कुशीत झोपलीय ती, तिच्या लग्नाला मी नसले तर ते मी विसरणार नाही, एवढं ध्यानात ठेवा. आवाज न चढवता म्हणाली. न चढवलेला जास्त लागतो.
मी म्हणालो, निर्धास्त राहा. एकाच टीममध्ये आहोत. खेळात माणसं जवळ येतात. महिन्याभरात दिलजमाई करून पत्रिका घरात आणतो.
ती म्हणाली, जवळ जा, पण हात मागे बांधून जा.

६ जानेवारी
पहिला सराव. बॉयलरच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे जाळं बांधलं. शिकवणार बॉयलरवाला, तो दुसऱ्या विभागाचा. तरुणपणी तो मोठ्या टीममधून खेळायचा. म्हणाला, व्हॉलीबॉलमध्ये गोष्टी पाचच. सर्व्हिस, पास, लिफ्ट, स्मॅश, ब्लॉक. बाकी सगळं ओरडणं.
आज सर्व्हिस. डाव्या तळहातावर बॉल, उजवी मूठ मागून आणून खालून हाणायची. अगदी सोपं. साडू पुढे जाळ्याजवळ पाठमोरा उभा होता. पहिली सर्व्हिस त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसली. तो गुडघ्यांवर गेला. दुसरी मारली तेव्हा तो नेमका उठत होता.
बॉयलरवाला म्हणाला, दादा, जाळं वर आहे, माणूस खाली.
साडूची विचारपूस केली. डोकं चोळत म्हणाला, काही नाही दादा. 'दादा' म्हणाला. तीन महिन्यांनी. विरघळतोय.

९ जानेवारी
पास. दोन्ही मनगटं जुळवायची, कोपर ताठ, बॉल हाताच्या आतल्या बाजूवर घ्यायचा, मारायचा नाही, नुसता येऊ द्यायचा. हे अध्यात्म आहे. बॉयलरवाल्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, गुडघे वाकवा.
शंभर पास केले. दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे. बायकोनं हळद लावता लावता विचारलं, पत्रिकेचं काही बोलला का तो. मी म्हणालो, अजून पायाभरणी चालू आहे.

१३ जानेवारी, दुपारी, ड्रेसिंग रूमबाहेर
आज अडचण आली.
बॉयलरवाला म्हणाला, बॉल दोघांच्या मध्ये आला की ज्याला घ्यायचाय त्यानं 'माझा' म्हणून ओरडायचं. दुसऱ्यानं लगेच सोडायचा. जो ओरडत नाही तो दोघांची हाडं मोडतो.
मी संकल्प समजावून सांगितला. इस्त्रीवर एक उंच पोरगा आहे, त्याला लंबू म्हणतात. तो म्हणाला, काका, मग बॉलला नैवेद्य दाखवून घ्यायचा का. लहान आहे, सोडून दिलं.
तोडगा मीच काढला. 'तुम्ही घ्या' असं म्हणायचं. हक्क सांगायचा नाही, पण कर्तव्यही सोडायचं नाही. म्हणजे 'तुम्ही घ्या' म्हणून आपणही बॉलवर जायचं.
तिसऱ्या बॉलला आपलं कपाळ साडूच्या तोंडावर आदळलं. त्याचा पुढचा दात अर्धा तुटून मातीत पडला. तो मातीत बसून शोधत होता, हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं. मी त्याला वेळीच सांगितलं की शर्टाला गरम पाणी लावू नको, रक्त गरम पाण्यानं पक्कं बसतं, आधी थंड पाणी. हे त्याला माहीत असणार, पण अशा वेळी माणसाला सुचत नाही.
कपाळाला तीन टाके. ड्रेसिंगवाली सिस्टर म्हणाली, कोणाशी मारामारी. मी म्हणालो, नाही हो, पास.

१४ जानेवारी
साडू कामावर आला, बोलला नाही. तोंड सुजल्यावर बोलवत नाही. त्याला वेळ द्यायला हवा.

१९ जानेवारी
लिफ्ट. दोन्ही हातांची बोटं पसरून कपाळावर झरोका करायचा आणि बॉल बोटांच्या टोकांवर झेलून वर सोडायचा. टाके काढलेले नव्हते, त्यामुळे झरोका थोडा वर केला. बॉल झरोक्यातून आत आला. टाका एक गेला.
दुसऱ्या प्रयत्नात डाव्या हाताची दोन बोटं मागे वळली. दोन्हींना एकत्र चिकटपट्टी. चादरींच्या घड्या आता आठ बोटांनी घालतो. साडू काचेच्या केबिनमधून बघतो. फिरत्या खुर्चीत बसतो. फिरत नाही, पण फिरू शकतो हे त्याला माहीत असतं.
मला त्या खुर्चीचं काही नाही. गादीसुद्धा फाटकी आहे, डाव्या बाजूनं, चार बोटं.

२३ जानेवारी
घरी सराव सुरू केला. भिंतीवर बॉल मारायचा आणि परतीचा पास घ्यायचा. चौथ्या फटक्याला कपाटाचा आरसा गेला. पाचवा मारायला नको होता, पण हात उचललेला होता. बरणीसुद्धा गेली.
बायको काचा गोळा करत म्हणाली, आज ताई भेटली. म्हणजे बाजारात तिची धाकटी बहीण समोरून आली. ही तिला लाडानं ताई म्हणते. दोघी चार हातांवर उभ्या राहिल्या. मेहुणी म्हणाली, नवऱ्याचा दात बसवायला वेळ लागणार आहे, मुलीचा बाप फोटोत तोंड मिटून उभा राहणार. आणि निघून गेली. बायको म्हणाली, नुसतं बघत राहिले मी, मला तिच्या हातातली पिशवीसुद्धा घेता आली नाही.
मी म्हणालो, बोलली ना, हेच महत्त्वाचं. प्रगती आहे.
तिनं काच उचलताना बोट कापून घेतलं आणि ते माझ्यासमोर धरलं. 
(वर 'माझ्या' लिहून गेलो. हा शब्द तोंडातून आलेला नाही, म्हणून धरत नाही.)

३० जानेवारी
स्मॅश. दोन पावलं, उडी, हात मागे, कोपर वर, मनगट शेवटी. बॉयलरवाल्यानं करून दाखवला तेव्हा बॉल जमिनीवरून उडून बॉयलरच्या नळीला लागला आणि सगळी नळी घणघणली. बघून अंगावर शहारा आला. चांगला.
आपले सगळे जाळ्यात. अकरा जाळ्यात, एक लंबूच्या बरगडीत.
बॉयलरवाला म्हणाला, दादा, ताकद आहे, पण तुम्ही हात आखडता. एखाद्यावर राग असेल ना, त्याला डोळ्यासमोर आणा. मी म्हणालो, असं कोणी नाही. तो म्हणाला, आठवून बघा. मी प्रामाणिकपणे डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. बॉल डोक्यावर पडला.
लंबू म्हणाला, काका, खोटं बोललात की तो असा मारतो.

३ फेब्रुवारी
ब्लॉक. दोघांनी शेजारी शेजारी उडी मारून जाळ्यावर हातांची भिंत करायची. आपला जोडीदार साडू. बॉयलरवाल्यानं मुद्दाम दिला. म्हणाला, तुम्ही दोघांनी जन्मभर एकमेकांच्या हातांकडे बघून काम केलंय, तुमची वेळ जुळेल.
वेळ जुळली नाही. तो वर गेला तेव्हा मी खाली होतो, तो खाली आला तेव्हा मी वर. कोपर त्याच्या करंगळीवर आणि टाच त्याच्या अंगठ्यावर. करंगळी निखळली, अंगठ्याचं नख गेलं. तो एका पायावर उड्या मारत शिव्या देत होता. मला नाही, सर्वसाधारण.
सिस्टरनं आता आमच्यासाठी वेगळा ट्रे लावून ठेवलाय.
संध्याकाळी शांतपणे बसून आढावा घेतला. आतापर्यंत त्याचं डोकं, दात, करंगळी, नख. इकडे टाके आणि दोन बोटं. एवढं सोसूनही आपल्या मनात त्याच्याबद्दल अढी नाही. त्याच्या मनात मात्र दिसते.

७ फेब्रुवारी
साडूनं हॉस्पिटलच्या मोठ्या मॅडमना विचारलं म्हणे, दादांना बदलता येईल का. सातवा पुरुषच नाही. मग तो स्वतः लंगडत आला आणि म्हणाला, दादा, मॅचच्या दिवशी तुम्ही फक्त उभे राहा. कोपऱ्यात. काही करू नका.
विश्वासाची जागा आहे. कोपरा सांभाळणं सगळ्यांना जमत नाही.
घरी आलो तर बायको दाराच्या आत, हात कडीवर ठेवून उभी. साडू आणि मेहुणी पत्रिका द्यायला आमच्याच जिन्यानं वर गेले होते, दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपिणीकडे. बायकोनं पावलं ओळखली. वर जाताना दारापुढून गेली, उतरताना दारापुढून गेली. उतरताना पावलं क्षणभर थांबली, असं बायको म्हणाली. मग गेली.
ती बराच वेळ कडी सोडेना. मी म्हणालो, मॅच होऊ दे. तिनं विचारलं, मॅचनं काय होणार आहे. उत्तर तयार होतं, पण जेवायची वेळ झाली होती.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी
उद्या मॅच, स्वयंपाकघराच्या टीमशी. देवापुढे बसून एक परवानगी मागितली. टीमसाठी, फक्त उद्या, एकदाच, गरज पडली तर 'माझा' म्हणू का. उत्तर आलं नाही. नाही म्हणायचं असतं तर आलं असतं.

१२ फेब्रुवारी, दुपारी १.१५
जेवणाच्या सुट्टीत थोडक्यात. मॅच चारला. अंग हलकं आहे, मन शांत. बायको बघायला येणार, मेहुणीही येणार असं कळलं. दोघींसमोर मी साडूच्या पाठीवर थाप मारणार आणि विषय संपणार. थाप हळू मारायची, हे लक्षात ठेवणे.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
क्रमानं लिहितो.
स्वयंपाकघरवाले दांडगे आहेत. मोठमोठी पातेली उचलणारे हात. त्यांच्या पहिल्याच स्मॅशनं लंबू आडवा झाला. दुसरा आमच्या लॉन्ड्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या कानाखाली. साडू एका पायावर खेळत होता आणि खरं सांगायचं तर चांगला खेळत होता. मी कोपरा सांभाळला. कोपऱ्यात काही आलं नाही.
बायको डावीकडच्या बाकावर, मेहुणी उजवीकडच्या. मध्ये नर्सेसच्या दोन रांगा.
तेवीस-चोवीस. एक पॉइंट गेला की मॅच गेली. बॉल उंच उडाला आणि साडूच्या आणि कोपऱ्याच्या बरोब्बर मध्ये यायला लागला. साडू ओरडला, माझा.
मी ओरडलो, माझा.
दीड महिन्यात पहिल्यांदा. छाती फुटून बाहेर आल्यासारखा आवाज आला. साडू नियमाप्रमाणे थांबला, बॉल सोडला, बाजूला सरकला. फार नाही सरकला, पायामुळे. मी दोन पावलं घेतली. उडी मारली. हात मागे, कोपर वर, मनगट शेवटी. सगळं पहिल्यांदाच जमलं. ओली चादर दगडावर आपटावी तसा आवाज आला.
बॉल जाळ्याकडे गेला नाही. दोन हात अंतरावर साडूचं तोंड होतं.
तो उताणा पडला. नाक बाजूला गेलं होतं, आणि रक्त असं आलं की पंचांच्या बुटांपर्यंत. त्यानंतरचं मला आठवत नाही. लंबूला आठवतं. नर्सेसच्या दोन्ही रांगांना आठवतं. मी त्याच्यावर उभा राहून ओरडत होतो म्हणे, माझी होती, ती खुर्ची माझी होती, तुला मी आणला, माझी होती. बॉयलरवाल्यानं आणि स्वयंपाकघराच्या दोघांनी मिळून मला मागे ओढलं. त्यातल्या एकाला चावलोही असं म्हणतात. त्याच्या दंडावर खूण आहे, पण ती कोणाचीही असू शकते.
साडू नाक धरून पडल्या पडल्या म्हणाला, मग तेव्हाच का नाही बोललात दादा. मी सोडली असती.
रक्त जात असताना माणूस काहीही बोलतो.
डावीकडून बायको धावली, उजवीकडून मेहुणी. साडूच्या डोक्याशी दोघींची गाठ पडली. बायकोनं रुमाल नाकावर दाबला, मेहुणीनं मान धरली. मी तेवढ्यातही थंड पाण्याचं सांगितलं. बायको म्हणाली, तुम्ही गप्प बसा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा. मग मेहुणीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोघी साडूच्या अंगावरून एकमेकींना धरून रडायला लागल्या. मध्ये तो.
म्हणजे दिलजमाई झाली. ठरल्याप्रमाणे.

१३ फेब्रुवारी
मोठ्या मॅडमनी बोलावलं. पंधरा दिवस बिनपगारी घरी, आणि परत आल्यावर घड्यांवरून धुलाईकडे. मी म्हणालो, मॅडम, खेळ होता. त्या म्हणाल्या, मी पहिल्या रांगेत होते.
बाहेर बॉयलरवाला भेटला. इकडेतिकडे बघून म्हणाला, दादा, दिशा सोडली तर असा स्मॅश मी वीस वर्षांत बघितला नाही. मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. मग परत थोडं बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी
पत्रिका आली. मेहुणी स्वतः घेऊन आली, आत बसली, दोघींनी दोनदा चहा केला. मी आतल्या खोलीत होतो. कोणी मुद्दाम ठेवलं नव्हतं, तिथेच होतो.
ती गेल्यावर बघितलं. वर फक्त बायकोचं नाव. मागे बघितलं, पाकिटात बघितलं. बायकोला विचारलं, माझं नाव कुठाय. ती पत्रिका पुसून कपाटात ठेवत म्हणाली, तुम्हीच ना वर्षाच्या पहिल्या दिवशी माझं-बिझं सोडून दिलंत.
मग शेजारी येऊन बसली. म्हणाली, ते वाईट नाहीत हो. पण पोरीच्या मनात भीती बसलीय.

२० फेब्रुवारी
बायको लग्नघरी दोन दिवस आधी गेली. जाताना गात होती. तिला गाता येतं हे मी विसरलो होतो.

२२ फेब्रुवारी, दुपारी
इस्त्री केलेला शर्ट घातला. आत जायचं नव्हतं. समोरच्या फुटपाथवरून बघायचं आणि परत यायचं, एवढंच.
लग्नाच्या हॉलच्या दारात साडू पाहुण्यांचं स्वागत करत होता. नाकावर आडवी पट्टी, डोळ्यांखाली अजून पिवळं. दात बसवलेला होता. आतून बायकोचा हसण्याचा आवाज आला, तो शंभर माणसांत ओळखू येतो. मग ती दारापाशी आली, त्याच्या कॉलरचं काहीतरी नीट केलं आणि आत गेली. मला तिनं बघितलं नाही.
मनात माफीचं वाक्य तयार होतं. तीन शब्दांचं. चालत येताना पूर्ण रस्ताभर म्हणून बघितलं होतं, अडखळत नव्हतो. रस्ता ओलांडून पायरीपर्यंत गेलो. साडूच्या आणि माझ्यामध्ये चार हात राहिले. त्याचं लक्ष जावं म्हणून मी हात वर केला.
त्यानं दोन्ही हात तोंडापुढे धरले.
मी हात खाली घेतला. त्यानं बराच वेळ घेतले नाहीत.